माया असली की पुरे नाही का? समाजकार्याच्या पायाबद्दल एक प्रश्न

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका स्वयंसेवी संस्थेसोबत घरभेटींचं काम सुरू केलंय. एकटे राहणारे ज्येष्ठ, दीर्घ आजारपणात अडकलेली कुटुंबं यांच्याकडे जायचं, अडचण समजून घ्यायची आणि योग्य त्या सेवेशी जोडून द्यायचं, असं काम. माझं शिक्षण वेगळ्या क्षेत्रातलं, म्हणून संस्थेनं आधी प्रशिक्षण दिलं. तिथंच माझं मन अडलं.

स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. खिशातून पैसे द्यायचे नाहीत. "सगळं नीट होईल" असा शब्द द्यायचा नाही. "तुमच्या जागी मी असते तर" हे वाक्य टाळायचं. आणि भेट झाली की त्याच दिवशी नोंद लिहायची. हे सगळं मला फार कोरडं वाटतं. माणूस समोर रडत असताना मी मनात नियम घोळवत बसायचं का?

सध्याचं उदाहरण सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पंच्याहत्तरीच्या पुढचे एक काका एकटे राहतात. मध्ये पडलेही होते. मुलगा परदेशात. तो रोज संस्थेत फोन करून सांगतो की त्यांना वृद्धाश्रमात हलवा. काका ठाम नाही म्हणतात. मला स्वतःला वाटतं की हलणंच त्यांच्या हिताचं आहे. हे सुपरवायझर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं हा इथं मुद्दा नाही."

मग मुद्दा आहे तरी काय? समाजकार्याचा पाया माया की नियमावली? शिकलेल्या आणि अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

कोरापान

वाचतोय. बहिणीनं यंदाच एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) प्रवेश घेतलाय, तिलाही हा धागा पाठवतो.

वाटाड्या

रानजाईताई, मी बरीच वर्षं रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे. प्रश्न चांगला आहे आणि तो पडायलाच हवा. ज्यांना पडत नाही ते दोन-तीन वर्षांत यंत्रासारखे होतात.

एकेक घेऊ. तुमचा नंबर काकांकडे असेल तर रात्री अकराला फोन येणार. तुम्ही उचललात तर बरं, पण एक दिवस तुम्ही आजारी असाल आणि उचलणार नाही. त्या रात्री त्यांच्याजवळ दुसरा नंबरच नसेल. संस्थेचा नंबर दिला की माणूस बदलला तरी मदत चालू राहते.

पैशांचं अजून नाजूक आहे. ज्यानं हातावर पैसे ठेवले त्याला माणूस खरं सांगायचं थांबतो. औषध घेतलं नाही, पुन्हा दारू प्यायलो, मुलाशी भांडलो, हे तो तुमच्यापासून लपवेल, कारण आता त्याला तुमच्या नजरेतून उतरायचं नसतं. शिवाय तुम्ही कुणाला द्याल? जो तुम्हाला आवडतो त्याला. चिडका, उर्मट, घाणेरडा राहणारा माणूस मागे पडतो आणि गरज बहुतेक वेळा त्यालाच जास्त असते. पैशांची गरज असेल तर मदतनिधी शोधा, अर्ज भरा, पाठपुरावा करा. तो हक्कानं मिळतो, कुणाच्या मर्जीनं नाही.

फेलिक्स बीस्टेक नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते, समाजकार्याचे प्राध्यापकही. त्यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहयोग कार्यातल्या (एकेका माणसासोबत केल्या जाणाऱ्या समाजकार्यातल्या) नात्याची सात तत्त्वं मांडली, ती आजही पहिल्या वर्षाला शिकवतात. प्रत्येक माणसाला वेगळा माणूस म्हणून बघणं, त्याला मनातलं बोलू देणं, आपला भावनिक सहभाग नियंत्रित ठेवणं, आहे तसा स्वीकार, त्याला दोषी न ठरवणं, स्वयंनिर्णय आणि गोपनीयता. यात "भावना नको" असं कुठंही नाही. सहभाग आहे, फक्त तो समोरच्याच्या गरजेपुरता आणि कामाच्या दिशेनं. तुम्हाला रडू आलं तर काही बिघडत नाही. मात्र तुमचं रडू सावरायची वेळ काकांवर येऊ नये.

आणि या सातही तत्त्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मदत करणाऱ्याच्या हातात सत्ता असते. तुमच्या एका शिफारशीनं काकांचं घर सुटू शकतं. माया खरी असली तरी ती सत्ता कमी होत नाही. हे नियम त्या सत्तेला घातलेलं कुंपण आहे.

निळाई

वाटाड्या, संपूर्ण प्रतिसादाला +१. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

शंकासुर

मी थोडा उलट बाजूनं बोलतो, राग नसावा.

पिढ्यान्‌पिढ्या माणसं एकमेकांना सांभाळत आली. शेजारीपाजारी, नातलग, मित्र. त्यांच्याकडे ना पदवी होती ना फाइल. मग एका टप्प्यावर मदतीचा व्यवसाय झाला, आणि व्यवसाय झाला की तक्ते आले, अहवाल आले, किती भेटी झाल्या त्याचे आकडे आले. हे आकडे सेवार्थीसाठी (मदत घेणाऱ्यासाठी) नसतात, निधी देणाऱ्यासाठी असतात. मी दोन संस्थांचे हिशोब पाहिलेत, अंदाजानं बोलत नाही.

आणि हा खरंच वेगळा व्यवसाय आहे का? अब्राहम फ्लेक्सनर, ज्यांच्या अहवालानं अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण बदललं, त्यांनी १९१५ मध्ये समाजकार्याच्या परिषदेतच भाषण करून सांगितलं की समाजकार्य हा पूर्ण अर्थानं व्यवसाय नाही, त्याला स्वतःचं वेगळं तंत्र नाही, ते मुख्यतः मध्यस्थी करतं. मला तो आक्षेप अजून लागू वाटतो. काकांकडे जाऊन शेजाऱ्यासारखं बसलं तर काय कमी पडेल?

निळाई

शंकासुर, नाव सार्थ केलंत :) पण आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी हा इतिहास शिकवते.

फाइलीबद्दलचा तुमचा संशय इतिहासाला धरूनच आहे. लंडनमध्ये १८६९ साली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी सुरू झाली. एकाच कुटुंबानं चार ठिकाणांहून मदत घेऊ नये आणि "लायक" गरीब "नालायक" गरिबांपासून वेगळे काढावेत, हा तिचा मोठा हेतू. सुखवस्तू घरांतल्या स्वयंसेविका घरोघर जात, चौकशी करत, उपदेश करत. म्हणजे नोंदीचा उगम बऱ्याच अंशी संशयात आहे, हे मान्यच करायला हवं.

पण ह्याच परंपरेतल्या मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये प्रशिक्षणशाळेची मागणी केली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाला. फ्लेक्सनरांच्या भाषणानंतर दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, रिचमंडबाईंचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ आला. ऐकीव माहिती आणि पाहिलेली गोष्ट वेगळी कशी ठेवायची, एका नातेवाइकाचं म्हणणं दुसऱ्या पुराव्याशी कसं ताडायचं, निष्कर्षाची घाई का टाळायची, हे त्यांनी पानोपानी मांडलं. चौकशीला त्यांनी समजून घेण्याची शिस्त दिली. तंत्र नाही या आक्षेपाला कुणी नुसतं चिडून उत्तर देत बसलं नाही, काम करून उत्तर दिलं.

दुसरी परंपरा गरीब वस्तीत राहायला जाणाऱ्यांची. लंडनचं टॉयनबी हॉल १८८४ चं, आणि शिकागोत जेन अ‍ॅडम्स व एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये सुरू केलेलं हल हाउस. शंकासुर, तुम्ही म्हणता तसं शेजारी होऊन राहणं, ते हेच. त्यातल्या अ‍ॅडम्सबाईंनी स्वतः लिहून ठेवलेला एक प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगते.

१८९३ नंतरच्या मंदीतला कडाक्याचा हिवाळा. एक कारकून मदत मागायला आला. मदत देण्यापूर्वी कालव्याच्या खोदकामावर काम मिळतंय हे सांगायचं, अशी पद्धत होती. तो म्हणाला, मी कायम आत बसून काम केलंय, थंडीत बाहेरचं काम मला झेपणार नाही. पण नियम तो नियम. तो गेला, दोन दिवस खोदलं, न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात वारला. मागे दोन लहान मुलं. अ‍ॅडम्सबाईंनी पुढे त्या मुलांची खबर ठेवली, आणि लिहिलं की माणसाच्या अडचणीचं शहाणपण त्याचं सगळं जगणं माहीत असल्याशिवाय येत नाही.

ह्याच अ‍ॅडम्सबाईंना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. हा प्रसंग त्यांनी लपवला नाही, म्हणून आज तो आपल्या हाती आहे.

शंकासुर

निळाई, सुंदर प्रतिसाद. पण ह्या गोष्टीनं माझीच बाजू भक्कम होते ना? नियमानं माणूस मेला.

निळाई

तो नियम सगळ्यांना एकाच मापानं मोजणारा होता. वाटाड्या यांनी दिलेल्या यादीतलं पहिलंच तत्त्व बघा: प्रत्येक माणूस वेगळा. ते अशा मृत्यूंतूनच आलंय. माणसाला झेपेल का हे विचारायला लावणारा नियम आणि ते विचारू न देणारा नियम, दोन्हींना एकाच पारड्यात कसं घालता येईल?

उंबरठा

मी या क्षेत्रातली नाही. मी फाइलीच्या दुसऱ्या बाजूची आहे. लहानपणी आमच्या घरी बऱ्याच ताया आणि सर येऊन गेले. वडील व्यसनी, आई मानसिक आजारी. लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर प्रत्येक नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा. बाबा कधीपासून पितात, आईला कधी दाखवलं, तू शाळेत का जात नाहीस. मी नऊ-दहा वर्षांची. दरवेळी तेच सांगताना वाटायचं की आधी सांगितलेलं कुणाला पटलंच नसावं.

एक ताई फार प्रेमळ होत्या. माझ्यासाठी कपडे आणायच्या, खेळणी आणायच्या, म्हणायच्या, "तू माझी मुलगीच आहेस." मी त्यावर विश्वास ठेवला. मग त्या यायच्या बंद झाल्या. नोकरी बदलली असेल, लग्न झालं असेल, कुणी मला काही सांगितलं नाही. त्यांच्या कपड्यांतला एक फ्रॉक मी कितीतरी दिवस घातला नाही.

त्यांच्यानंतर ज्या मॅडम आल्या त्या तशा मोजकं बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "तुझी फाइल मी वाचून आलेय. जे लिहिलंय ते तुला पुन्हा सांगावं लागणार नाही. त्यात चूक काही असेल तर फक्त ते सांग." आणि म्हणाल्या, "मी वर्षभर येणार आहे, नंतर दुसरं कुणी येईल, तेव्हा मी तुझी ओळख करून देईन." तसंच झालं. निरोप घेऊन गेल्या.

रानजाईताई, कोरडं म्हणजे काय हे आमच्या बाजूनं वेगळं दिसतं, एवढंच सांगायचं होतं.

कोरापान

उंबरठा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. बहिणीला फोनवर वाचून दाखवलं.

वाटाड्या

उंबरठाताई, आभार. निरोप घेणं हा कामाचा एक पूर्ण टप्पा आहे, तो पहिल्या भेटीपासून आखायचा असतो. शिकवतात, पण घाईत सगळ्यात आधी तोच गळतो.

मृण्मयी

माया पुरेशी आहे का, ह्या मूळ प्रश्नावर एक अभ्यास सांगते. माझं काम कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचं.

रिचर्ड कॅबट नावाचे डॉक्टर होते. बोस्टनच्या रुग्णालयात १९०५ मध्ये सामाजिक सेवा त्यांनीच सुरू करवली. त्यांच्या पुढाकारानं मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत १९३९ ला एक प्रयोग सुरू झाला. मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून प्रत्येकाला एक समुपदेशक मित्र द्यायचा. सारखेपणा बघून मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून एकाला कार्यक्रमात घेतलं, दुसऱ्याला नाही. अखेरच्या विश्लेषणात एकूण ५०६ मुलं, दोन्हीकडे २५३. समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा घरी जात. अभ्यासात मदत, डॉक्टरकडे नेणं, उन्हाळी शिबिरं, सगळं काही. सरासरी पाच वर्षं हे चाललं.

संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांना तीस वर्षांनंतर शोधून काढलं. निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रमातल्या पुरुषांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश म्हणाले, आम्हाला फायदा झाला. काहींना समुपदेशक नावानं आठवत होते. पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. एकूण गुन्ह्यांत फरक नव्हता. पुन्हा गुन्हा करणं, दारूच्या व्यसनाची लक्षणं, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू यांचं प्रमाण कार्यक्रमातल्या मुलांत उलट जास्त होतं. पुढच्या विश्लेषणात शिबिरांकडे बोट गेलं. वारंवार एकत्र शिबिराला गेलेल्या मुलांनी एकमेकांची वाईट वळणं उचलली असावीत, असा अर्थ लावला गेला.

देणाऱ्याला वाटत होतं भलं होतंय. घेणाऱ्यालाही वाटत होतं भलं होतंय. तुलनेला दुसरा गट नसता तर हा कार्यक्रम यशस्वी म्हणून जगभर पसरला असता.

शंकासुर

मृण्मयी, हे माहीत नव्हतं, हलवून टाकणारं आहे. पण प्रामाणिकपणे विचारतो. ते समुपदेशक तर नेमलेले, पगारी होते ना? मग हा शेजाऱ्याच्या मायेचा पराभव कसा? हा तर व्यावसायिक मदतीचा पराभव झाला.

मृण्मयी

बरोबर पकडलंत. हा अभ्यास शेजाऱ्यापेक्षा पगारी माणूस बरा असं सिद्ध करत नाही. "मला आतून वाटतंय की उपयोग होतोय" ही खात्री कुणाचीच पुरावा ठरत नाही, तुमची नाही, माझी नाही, पंचवीस वर्षं नोकरी केलेल्याचीही नाही, इतकंच तो दाखवतो. म्हणून तपासावं लागतं, आणि तपासायचं तर लिहावं लागतं. भेटींची संख्या मोजणाऱ्या तक्त्याला माझाही विरोध आहे. भेटीमुळे काय बदललं हे कुठं लिहिलंय, असं मी प्रत्येक संस्थेला विचारते आणि बहुतेक ठिकाणी तो रकानाच नसतो.

जुनाखलाशी

मी बालसंरक्षणात होतो, आता निवृत्त. वर आलेल्या सत्तेच्या मुद्द्यावर थोडं.

ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाची पहिली साठ-सत्तर वर्षं आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवलं. करणारे सरकारी अधिकारी, मिशनरी, कल्याण खात्यातली माणसं. त्यांच्यातल्या अनेकांना मनापासून वाटत होतं की आपण मुलांचं भलं करतोय. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. तोवर कितीतरी आया मुलाचं तोंड पुन्हा न बघता गेल्या होत्या.

घरात शिरून मूल बाहेर काढायचा अधिकार माझ्याकडे होता, म्हणून मला हे विसरता येत नाही. कधी कधी काढावंच लागतं, न काढल्यास मूल जिवाला मुकतं. पण "मुलाच्या हिताचं" हे म्हणताना मी नेहमी स्वतःला विचारायचो, की यातलं हित किती आणि माझ्या घरासारखं घर दिसत नाही ही अस्वस्थता किती. हे एकट्यानं ठरवू नये. म्हणून सुपरव्हिजन, म्हणजे वरिष्ठांसोबत कामाचा नियमित आढावा, हवं. प्रशासन, शिकवणं आणि आधार अशी तिन्ही कामं त्यात येतात, पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पहिलंच होतं. वर एका माणसामागे इतक्या केसेस की फाइल वाचायलाच वेळ नाही. उंबरठाच्या त्या मोजकं बोलणाऱ्या मॅडमकडे वाचायला वेळ होता, हेही लक्षात घ्या. तो वेळ संस्थेनं द्यावा लागतो.

रानजाई, तुझ्या सुपरवायझर तुटक बोलल्या असतील. पुन्हा जा आणि वेळ मागून घे. तो तुझा हक्क आहे.

कोरापान

थोडं अवांतर. बहिणीचा प्रश्न: गोपनीयता पूर्ण पाळायची तर समोरचा म्हणाला की मी अमक्याला मारणार, तर काय करायचं?

वाटाड्या

अवांतर नाही, पायाचाच प्रश्न आहे. यावर कॅलिफोर्नियातला टॅरासॉफ खटला सगळीकडे शिकवतात. १९६९ मध्ये एका तरुणानं आपल्यावर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला एका मुलीला मारण्याचा इरादा सांगितला होता. पोलिसांना कळवलं गेलं, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडलं, पण मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही. तिचा खून झाला. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की धोक्यातल्या माणसाचं रक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे.

देशोदेशी कायदे वेगळे आहेत, बहिणीनं आपल्या संस्थेचं लेखी धोरण आधी वाचावं. पण एक गोष्ट सगळीकडे लागू: मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायची. "तुम्ही सांगाल ते मी बाहेर बोलणार नाही. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा लहान मुलाला इजा होत असेल, तर मला सांगावं लागेल, आणि शक्यतो ते मी तुम्हाला आधी सांगून करेन." "कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊन नंतर मोडलं तर तो माणूस पुढच्या कुणावरच विश्वास ठेवत नाही. रानजाईताईंच्या यादीतला शब्द न देण्याचा नियम यातूनच येतो.

पायवाट

सगळा धागा वाचला. उत्तम चर्चा, तरी मला एक मोठी गोष्ट सुटल्यासारखी वाटते. आपण सगळे एका माणसाच्या आणि एका कार्यकर्त्याच्या नात्याबद्दल बोलतोय. मी समुदाय संघटनात, म्हणजे लोकांना एकत्र आणून त्यांच्या प्रश्नांवर, काम करतो. मला विचाराल तर पाया तिथं संपत नाही.

हल हाउसचा उल्लेख आला, पण तिथली बाकीची मंडळी राहिली. फ्लोरेन्स केली तिथंच राहायच्या. घराघरांत चालणारे शिवणकामाचे कारखाने, त्यात राबणारी मुलं त्यांनी पाहिली, मोजली, लिहिली. त्यावर १८९३ मध्ये इलिनॉयमध्ये कारखाना कायदा झाला आणि केली मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. त्यातलं स्त्रियांच्या आठ तासांच्या कामाचं कलम १८९५ मध्ये तिथल्या न्यायालयानं रद्द केलं, तरी त्या थांबल्या नाहीत. ज्युलिया लॅथ्रॉप ह्याही हल हाउसच्याच. १८९९ मध्ये शिकागोत पहिलं बालन्यायालय झालं त्यामागे त्या होत्या, आणि १९१२ ला अमेरिकेच्या बाल विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. एकेका मुलाच्या घरभेटीतून कायद्यापर्यंत जाणारा रस्ता त्यांनी बांधला.

या पेशाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये मेलबर्नला समाजकार्याची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात सामाजिक बदल, सामाजिक न्याय, मानवी हक्क आणि सामूहिक जबाबदारी हे सगळं आहे. नुसता गरजू माणसाला आधार देण्यापुरता हा पेशा नाही.

म्हणून काकांच्या बाबतीत माझा प्रश्न वेगळा. एकट्या वृद्धाला घरी राहायचं असेल तर एकतर धोका पत्करा नाहीतर आश्रमात जा, असे दोनच पर्याय का? मधल्या सेवा का नाहीत? तुमच्या संस्थेकडे असे किती काका आहेत? नोंदी एकत्र काढल्या तर त्याच कागदांवर मागणी उभी राहते. शंकासुर, फाइलीचा हाही उपयोग आहे.

जुनाखलाशी

पायवाट, शंभर टक्के. फक्त एक सावधगिरी. मागणी पूर्ण होईपर्यंत काकांना आज रात्री बाथरूमला जायचंय. दोन्ही टोकं धरावी लागतात.

पायवाट

मान्य.

रानजाई

इतकं सगळं लिहिलंत, कसे आभार मानू कळत नाही. उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

मधल्या काळात काकांकडे जाऊन आले. या वेळी आश्रमाचा विषय काढलाच नाही. दिवस कसा जातो एवढंच विचारलं. ते गणिताचे शिक्षक होते. संध्याकाळी शेजारची मुलं अजून त्यांच्याकडे गणितं घेऊन येतात. "तिकडे गेलो तर मला गणित कोण विचारणार?" असं म्हणाले. आणि भीती कशाची वाटते असं विचारलं तर पडण्याची नाही म्हणाले. पडून कुणाला कळलंच नाही, सकाळपर्यंत तसंच राहावं लागलं, तर काय, याची वाटते.

म्हणजे मुलाला आणि मला वाटणारा धोका त्यांनाही दिसतोय. पण त्यांना जे गमवायचं नाही ते आम्ही विचारलंच नव्हतं. आता पुढे कसं जाऊ?

वाटाड्या

ताई, तुम्ही जे विचारलंत त्यालाच मूल्यांकन म्हणतात.

पुढचं असं. एक, निर्णय घेण्याची क्षमता. काकांना धोका समजतो, पर्याय समजतात, ते कारण देऊ शकतात. तुमच्या वर्णनावरून क्षमता शाबूत वाटते, पण विसराळूपणा वगैरे दिसला तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. क्षमता त्या त्या निर्णयापुरती बघतात. इंग्लंड-वेल्सच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की निर्णय शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून माणसाला अक्षम धरता येणार नाही. आपल्याला न पटणारा निर्णय घ्यायचा त्यांना हक्क आहे. तुमच्या मॅडमना बहुधा हेच म्हणायचं होतं, फक्त त्यांनी ते उलगडून सांगितलं नाही.

दोन, धोका कमी करणं. का पडले ते शोधा: डोळे, रक्तदाबाची गोळी, उठताना येणारी चक्कर, निसरडी फरशी. बाथरूममध्ये पकडदांडे, रात्रीचा दिवा, गळ्यात अडकवायची घंटी किंवा फोन, विश्वासू शेजाऱ्याकडे एक किल्ली, सकाळी ठरलेल्या वेळी एक फोन. हे सगळं त्यांनी हो म्हटलं तर.

तीन, मुलगा. त्याला अडथळा समजू नका, तो लांबून घाबरलाय. काकांच्या परवानगीनं तिघांचा एकत्र फोन लावा. सकाळचा फोन त्यानंच करायचा ठरला तर त्याच्या भीतीलाही काही काम मिळेल.

मृण्मयी

आणि तारीख टाकून ठेवा. अमुक महिन्यांनी पुन्हा बघू: पडले का, घंटी खरंच गळ्यात असते का की खुंटीला टांगलेली, मुलं अजून येतात का. योजना चालत नसेल तर तेव्हा बदलायची.

रानजाई

लिहून घेतलं. नोंद कशी लिहू? मी आतापर्यंत "काका हट्टी आहेत, समजावलं" असं लिहायचे.

निळाई

पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुम्हाला वाटलेलं वेगवेगळं लिहा. "हट्टी" हे तुमचं मत. त्याऐवजी: "आश्रमात जायला नकार. कारण त्यांच्या शब्दांत: तिकडे गेलो तर मला गणित कोण विचारणार. रात्री पडल्यास कुणाला कळणार नाही ही भीती व्यक्त केली. बाथरूमची फरशी ओली, पकडायला काही नाही." मग काय ठरलं, कोण काय करणार, कधी. उद्या तुमच्या जागी आलेल्या माणसाला "हट्टी" वाचून काय कळेल, आणि हे वाचून काय कळेल, ते बघा.

शंकासुर

माझा एक प्रश्न. ही नोंद काकांना दाखवणार का?

वाटाड्या

दाखवावी. निदान वाचून तरी दाखवावी. पुष्कळ ठिकाणी सेवार्थीला स्वतःची फाइल बघण्याचा हक्कच असतो. आणि बघणार आहे हे माहीत असलं की लिहिणाऱ्याची भाषा आपोआप सुधारते.

शंकासुर

मग नोंदीबद्दलचा माझा आक्षेप तेवढ्यापुरता मागे घेतो. निधीवाल्यांच्या तक्त्यांबद्दलचा कायम आहे, त्यावर वेगळा धागा काढतो. मृण्मयी, "काय बदललं" हा रकाना कसा असावा ते तिथं सविस्तर लिहा.

उंबरठा

काकांना वाचून दाखवाल तेव्हा चूक असेल तर दुरुस्त करा असंही सांगा. मला ते वाक्य फार उपयोगी पडलं होतं.

रानजाई

नक्की सांगते. मॅडमकडून सुपरव्हिजनची वेळ मिळालीय, पकडदांड्यांच्या खर्चासाठी कुठल्या निधीत अर्ज करायचा ते त्यांनाच विचारणार आहे. आणि पायवाट, एकटे राहणारे आणखी किती जण आहेत याची यादी काढायला सुरुवात केलीय. झाली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, पुढे काय करायचं ते सांगा.